हरलेला संघ दोन हंगामांच्या मध्ये कसा उभा करायचा? मुल्लानपूरचा धडा

 

आजचा विषय माझ्या नातवानं दिलाय. तो शिकागोत राहतो, वय वर्षं तेरा. तिथल्या शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघावर त्याचा फार जीव. २०२४ च्या हंगामात हा संघ १६२ पैकी १२१ सामने हरला. आधुनिक अमेरिकन बेसबॉलमध्ये एका हंगामात इतके सामने आजवर कुणी हरलेलं नाही. २०२५ मध्ये थोडी सुधारणा झाली, तरी १०२ पराभव होतेच. परवा व्हिडिओ कॉलवर पोरगा रडवेला होऊन म्हणाला, "आजोबा, तुम्ही आर्मीत होता ना? मग सांगा, हिवाळ्यात मॅचेस नसतात तेव्हा हरणारी टीम दुरुस्त कशी करायची?"

मला बेसबॉल जेमतेम कळतो. पण माझ्या गच्चीवरून एका मैदानाचे दिव्यांचे खांब दिसतात. महाराजा यादविंद्र सिंग स्टेडियम, पंजाब किंग्जचं घर. चंडीगडला लागून, पंजाबच्या मोहाली जिल्ह्यात हे आमचं मुल्लानपूर. मागे शिवालिकच्या टेकड्या आहेत. चंडीमंदिरला पोस्टिंग असताना हा भाग आवडला, आणि निवृत्तीनंतर आम्ही दोघं इथंच राहिलो. मार्च २०२४ मध्ये इथं आयपीएलचा पहिला सामना झाला. त्या वर्षी पंजाबचा संघ तळाजवळ होता आणि पुढच्याच वर्षी अंतिम सामन्यात. मधल्या काही महिन्यांत काय केलं, हे समजून घेतलं की नातवाच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. तुमच्या सोसायटीचा संघ असो, शाळेचा असो किंवा एखादं मोडकळीला आलेलं खातं असो, हिशोब फारसा वेगळा नसतो.

आजार किती जुना होता

२०१४ मध्ये पंजाब अंतिम फेरीत पोचला आणि कोलकात्याकडून हरला. त्यानंतर २०१५ ते २०२४ अशी सलग दहा वर्षं हा संघ एकदाही प्लेऑफमध्ये गेला नाही. पैशाची कमतरता नव्हती. डिसेंबर २०२२ च्या लिलावात त्यांनी सॅम करनसाठी १८.५ कोटी मोजले. तोवर आयपीएलच्या इतिहासात कुणालाही एवढी बोली लागली नव्हती. दोन हंगामांनंतर त्यालाही सोडून दिलं.

आता या दहा वर्षांतले कर्णधार मोजा. जॉर्ज बेली, डेव्हिड मिलर, मुरली विजय, ग्लेन मॅक्सवेल, आर. अश्विन, के. एल. राहुल, मयंक अगरवाल, शिखर धवन. आणि प्रशिक्षक? २०१८ ला ब्रॅड हॉज, २०१९ ला माइक हेसन, मग तीन वर्षं अनिल कुंबळे, मग दोन वर्षं ट्रेव्हर बेलिस. २०२१ मध्ये तर संघाचं नावच बदललं, किंग्ज इलेव्हन पंजाबचं पंजाब किंग्ज झालं. पाटी बदलली, गुणतक्त्यातली जागा तीच राहिली.

यातली बहुतेक माणसं कर्तबगार होती. पण दर एक-दोन वर्षांनी कमांडिंग ऑफिसर बदलणाऱ्या पलटणीचं काय होतं, ते मी जवळून पाहिलंय. नवा साहेब येतो, आधीच्याची पद्धत मोडतो, स्वतःची बसवायला घेतो आणि ती बसायच्या आत त्याची बदली होते. जवान मग एकच गोष्ट शिकतो, मान खाली घालून वेळ काढायची.

आधी चौकशी, मग खरेदी

हरल्यावर पहिली ऊर्मी येते ती बाजारात जाण्याची. काहीतरी मोठं विकत आणू, म्हणजे लोकांना दिसेल की आपण हालचाल करतोय. फौजेत आम्हाला उलटं शिकवलं जायचं.

१९६२ ची आठवण इथं काढतोय, ती जरा संकोचानं. युद्ध आणि खेळ यांची तुलना करू नये. तिथं माणसं गेली, इथं फक्त सामने जातात. पण पराभवानंतर काय करावं याचं आपल्या देशातलं सगळ्यात मोठं उदाहरण तेच आहे. नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं आपण आजही म्हणतो. लष्करप्रमुख झालेले जनरल जे. एन. चौधरी यांनी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्र सिंग भगत यांना चौकशीला बसवलं. चौकशीचे मुद्दे पाच होते. प्रशिक्षण, साहित्य, कमांडची पद्धत, जवानांची शारीरिक तंदुरुस्ती आणि आपल्या माणसांवर प्रभाव पाडण्याची कमांडरची क्षमता. सप्टेंबर १९६३ मध्ये चव्हाणांनी संसदेत निवेदन केलं, ते याच मुद्द्यांना धरून. पुढे खास डोंगरी लढाईसाठीच्या डिव्हिजन उभ्या राहिल्या, सैन्याची संख्या सव्वाआठ लाखांपर्यंत नेण्याचं ठरलं आणि पाच वर्षांची संरक्षण योजना आखली गेली. १९६५ आणि १९६७ मध्ये त्याची फळं दिसली.

त्या पाच मुद्द्यांकडे नीट पाहा. साहित्य हा त्यातला फक्त एक आहे. आपण हरलो की सगळा वेळ त्याच एकावर घालवतो: बॅट कुठली, खेळाडू कुठला, किंमत किती. उरलेले चार मुद्दे माणसं कशी तयार होतात आणि त्यांना कोण चालवतो याबद्दल आहेत.

क्रम चुकवू नका

पंजाबनं २०२४ च्या हंगामानंतर जे केलं, त्यात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो क्रम.

पहिलं पाऊल, प्रशिक्षक. सप्टेंबर २०२४ मध्ये रिकी पाँटिंगला आणलं. लिलाव नोव्हेंबरात होता. म्हणजे संघ निवडायच्या आधी, तो चालवणारा माणूस टेबलावर होता. बरेच लोक उलटं करतात. आधी खेळाडू जमवतात आणि मग प्रशिक्षकाला म्हणतात, घ्या, यातून काय ते बनवा.

दुसरं पाऊल, काय ठेवायचं ते ठरवणं. पंजाबनं फक्त दोघांना राखलं, शशांक सिंग साडेपाच कोटींना आणि प्रभसिमरन सिंग चार कोटींना. तोवर भारताकडून दोघंही खेळलेले नव्हते. शशांकची कहाणी तुम्हाला ठाऊक असेल. डिसेंबर २०२३ च्या लिलावात त्याच्यावर बोली लावल्यावर पंजाबच्या टेबलावर नावावरून गोंधळ उडाला होता. नको असलेला खेळाडू २० लाखांना गळ्यात पडला, अशी चेष्टा झाली. त्याच खेळाडूनं २०२४ मध्ये कोलकात्याविरुद्ध २८ चेंडूंत नाबाद ६८ धावा केल्या आणि पंजाबनं २६२ धावांचं लक्ष्य गाठलं. टी-ट्वेंटीत एवढ्या मोठ्या लक्ष्याचा यशस्वी पाठलाग त्याआधी झाला नव्हता. प्रभसिमरन तर २०१९ पासून याच संघात होता. सुरुवातीची वर्षं बहुतेक बाकावरच गेली. म्हणजे दहा वर्षांच्या पडझडीतही दोन भिंती शाबूत होत्या. त्या ओळखल्या, त्या ठेवल्या आणि बाकीचं पाडलं.

तिसरं पाऊल, कर्णधार. १२० कोटींच्या मर्यादेतले ११०.५ कोटी हातात घेऊन पंजाब जेद्दाहच्या लिलावात बसला. सगळ्यांत मोठी थैली त्यांचीच. त्यातले २६.७५ कोटी त्यांनी एकट्या श्रेयस अय्यरवर लावले. आपल्या मुंबईच्या या मुलानं त्याच वर्षी कोलकात्याला विजेतेपद मिळवून दिलं होतं, तरी कोलकात्यानं त्याला राखलं नव्हतं. रक्कम डोळे फिरवणारी आहे, पण हिशोब बघा. श्रेयस आणि पाँटिंग यांनी दिल्लीत एकत्र काम केलं होतं आणि २०२० मध्ये दिल्लीला अंतिम फेरीत नेलं होतं. दोघांमधला विश्वास आयता मिळाला. नव्या जोडीला एकमेकांची भाषा कळायलाच एक हंगाम जातो. पंजाबनं तो हंगाम विकत घेतला, असं मी म्हणेन.

चौथं पाऊल, गाभा. अर्शदीप सिंगला १८ कोटी देऊन परत घेतलं. तो इथलाच मुलगा. युझवेंद्र चहललाही १८ कोटी. मग परदेशी खेळाडू, ऑस्ट्रेलियाचा मार्कस स्टॉयनिस, दक्षिण आफ्रिकेचा उंचापुरा मार्को यान्सन, यष्टिरक्षक जॉश इंग्लिस.

पाचवं पाऊल, बियाणं. दिल्लीचा प्रियांश आर्य ३.८ कोटींना, नेहाल वढेरा ४.२ कोटींना. मुंबईचे सूर्यांश शेडगे आणि मुशीर खान प्रत्येकी ३० लाखांना. लिलावानंतर तीनच आठवड्यांनी सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या अंतिम सामन्यात शेडगेनं १५ चेंडूंत नाबाद ३६ धावा करून मुंबईला जिंकून दिलं. कर्णधार होता श्रेयस अय्यर. कर्णधारानं ज्याला अडचणीच्या वेळी जवळून पाहिलंय, असा मुलगा संघात असला की अर्धं काम झालेलं असतं.

मैदानात काय दिसलं

८ एप्रिल २०२५ ला याच मैदानावर प्रियांश आर्यनं चेन्नईविरुद्ध ३९ चेंडूंत शतक ठोकलं. दुसऱ्या बाजूनं विकेट पडत होत्या आणि हा पोरगा मारतच होता. शेजारचे सरदारजी फटाके घेऊन गच्चीवर आले.

पण संघ उभा राहिलाय, हे मला कळलं ते १५ एप्रिलला. त्या दिवशी पंजाब १११ धावांत गुंडाळला गेला. आमच्या घरातला टीव्ही बंद करायची वेळ आली होती. कोलकाता २ बाद ६२ वर होतं. अजिंक्य रहाणेचा संघ, हातात आठ गडी, पाहिजेत फक्त ५० धावा. तिथून ते ९५ वर सर्वबाद झाले. चहलनं चार, यान्सननं तीन बळी घेतले. आयपीएलमध्ये इतक्या कमी धावांचा बचाव कुणी केलेला नव्हता. आधीचा विक्रम ११६ धावांचा होता, चेन्नईनं २००९ मध्ये केलेला, आणि तोही पंजाबविरुद्धच! आदल्या वर्षीचा पंजाब असाच एकेक सामना इथं हरत होता. २०२४ मध्ये मुल्लानपूरला पाचपैकी चार सामने गेले, एक दोन धावांनी, एक नऊ धावांनी. खेळाडू त्याही वर्षी चांगले होते. शेवटच्या घटकेला एकमेकांकडे बघण्याची सवय नव्हती.

मे महिन्यात स्पर्धाच थांबली. ८ मेच्या रात्री धरमशाळेचा सामना मधेच बंद झाला, इकडे ब्लॅकआउट होता. आमच्या घराचे पडदे मी स्वतः तपासले, जुनी सवय. आठवड्यानं खेळ पुन्हा सुरू झाला. साखळीत १९ गुण घेऊन पंजाब गुणतक्त्यात पहिला आला.

आणि मग २९ मे. पहिला क्वालिफायर, मुल्लानपूरलाच. सगळं गाव मैदानात. पंजाब १०१ धावांत सर्वबाद. बेंगळुरूनं दहा षटकांत सामना संपवला. यान्सन मायदेशाच्या कसोटीच्या तयारीसाठी निघून गेला होता, चहल जायबंदी होता, लॉकी फर्ग्युसन आधीच दुखापतीनं बाहेर. तयारी करताना पहिले अकरा सगळे बघतात. बारावा ते अठरावा कोण, हे सुट्टीच्या काळातच ठरवावं लागतं, कारण मे महिन्यात ते ठरवायला वेळ मिळत नाही.

त्या रात्री रस्त्यावरून परतणाऱ्या लोकांचा आवाजसुद्धा येत नव्हता. पण तीनच दिवसांनी अहमदाबादला श्रेयसनं ४१ चेंडूंत नाबाद ८७ करून मुंबई इंडियन्सविरुद्ध २०४ चं लक्ष्य पार केलं. ३ जूनच्या अंतिम सामन्यात मात्र पंजाब सहा धावांनी हरला. शशांक सिंग ३० चेंडूंत ६१ धावांवर नाबाद राहिला. राखून ठेवलेली भिंत शेवटपर्यंत उभी होती.

बेसबॉलचं आणि विदर्भाचं

आता नातवासाठी थोडं. अमेरिकेत हरणाऱ्या संघाला एक सवलत असते, नव्या मुलांच्या निवडीत त्याचा नंबर वरचा लागू शकतो. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज संघानं २०११ ते २०१३ या तीन वर्षांत १०६, १०७ आणि १११ सामने हरले. जुने महागडे खेळाडू सोडले, तरुण मुलं वाढवली आणि २०१७ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली. पुढे त्याच हंगामात प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरून पाहिल्याचं उघड झालं आणि त्या विजयाला डाग लागला, हेही सांगायला हवं. दुसरा संघ ओकलंड. २००१ नंतर त्यांचे मोठे खेळाडू श्रीमंत संघांकडे गेले. त्यांनी बाजारात दुर्लक्षित पण सतत बेसवर पोचणारे खेळाडू स्वस्तात घेतले आणि २००२ मध्ये १०३ सामने जिंकले, त्यातले २० सलग.

पण आपल्याला इतकं लांब जायची गरज नाही. आपला विदर्भ बघा. दशकानुदशकं रणजीत विदर्भाचा सामना म्हणजे समोरच्याला सोपे गुण, असं मानलं जायचं. २०१७-१८ मध्ये चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले, शिस्त कडक केली. वसीम जाफरसारखा अनुभवी माणूस सोबत होता, पण कर्णधार घरचाच, फैज फझल. १ जानेवारी २०१८ ला इंदूरमध्ये दिल्लीला हरवून पहिली रणजी ट्रॉफी नागपूरला आली. पुढच्याच वर्षी दुसरी. मला तिसरी जास्त महत्त्वाची वाटते, २०२४-२५ ची. तोवर पंडित गेले होते, जाफर गेले होते, फैज निवृत्त झाला होता. प्रशिक्षक उस्मान घनी, कर्णधार अक्षय वाडकर, अंतिम सामन्यात दीडशतक दानिश मालेवारचं. माणसं बदलली तरी घडी टिकली. उभारणी झाली, असं तेव्हाच म्हणावं.

माझी चूक

हे सगळं मी शहाणपणानं सांगतोय, पण शिकलो ते चुकूनच.

मेजर असताना माझ्याकडे पलटणीच्या व्हॉलीबॉल संघाची जबाबदारी होती. ब्रिगेडच्या स्पर्धेत आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. कमांडिंग ऑफिसर काही बोलले नाहीत, पण मेसमध्ये इतर बोलले. मला ते लागलं. पुढच्या आठवड्यात मी बारापैकी नऊ जणांना काढलं आणि नव्या भरतीतली उंच पोरं निवडली. काढलेल्यांत आमचा लिफ्टर होता, एक नाईक, साताऱ्याकडचा. चौतिशी ओलांडलेला, उंचीनं बेताचा. त्याला मी कारण सांगितलं नाही. नोटीस बोर्डावर यादी लावली, तिच्यात त्याचं नाव नव्हतं, एवढंच.

तो तरीही रोज संध्याकाळी मैदानावर यायचा. बाहेर गेलेले चेंडू उचलून द्यायचा. मी पाहत होतो आणि न पाहिल्यासारखं करत होतो. पुढच्या वर्षी आम्ही आणखी वाईट हरलो. पोरं उंच उडत होती, पण चेंडू त्यांच्या हातापर्यंत नीट पोचवणारा कुणी नव्हता. सुभेदारसाहेब मला म्हणाले, "साहेब, उंची आणली, पण हात घालवला."

मग मी त्या नाईकाला बोलवायला निघालो. पण कंपनी ऑफिसात कळलं की त्याचे पेन्शनचे कागद झालेत, माणूस गावी गेलाय. त्यानं माझ्याकडे कधीच तक्रार केली नाही. आज वाटतं, त्याला दोन मिनिटं समोर बसवून बोललो असतो, तर संघाबद्दल मला जे वर्षभरानं कळलं ते त्यानं त्याच दिवशी सांगितलं असतं. चौकशीचा पाचवा मुद्दा आठवतो ना, माणसांवर प्रभाव पाडण्याची कमांडरची क्षमता? त्यात मी नापास झालो होतो.

तर उत्तर असं

नातवाला मी जे सांगितलं, तेच तुम्हाला सांगतो.

हरल्यावर पहिला महिना काही विकत घेऊ नका. पाच मुद्द्यांवर चौकशी करा आणि ती खेळाडूंना विचारून करा. मग संघ कोण चालवणार ते ठरवा, आणि त्याला किमान तीन वर्षं द्या. काय ठेवायचं, त्याची यादी काय काढायचं याच्या आधी करा. ज्याला काढाल, त्याला समोर बसवून कारण सांगा. मोठी रक्कम एखाददुसऱ्या कण्यावर लावा, उरलेल्यात तरुण मुलं घ्या आणि बाराव्यापासून अठराव्यापर्यंतची तयारी पावसाळ्यातच करा.

पंजाबची खरी परीक्षा त्यानंतर होती. डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा लिलाव होता. सहा धावांनी हरलेल्या संघाला सगळं मोडून नव्यानं मांडायचा मोह होतो. त्या वेळी त्यांनी मॅक्सवेल, इंग्लिस अशा मोजक्यांना सोडलं आणि गाभा तसाच ठेवला. श्रेयस राहिला, पाँटिंग राहिला, शशांक आणि प्रभसिमरनही राहिले. आधीच्या दहा वर्षांत त्यांना न जमलेली गोष्ट हीच, हात आवरून बसण्याची.

नातू म्हणाला, "म्हणजे आजोबा, माझी टीम पुढच्या वर्षी जिंकणार का?" मी म्हटलं, "पुढच्या वर्षी नाही जिंकली तरी बघत राहा. कुठली भिंत उभी आहे, ते वहीत लिहून ठेव."

त्यानं वही केलीय. मीही केलीय. पुढच्या भागात भेटू. जय हिंद, जय महाराष्ट्र.